गुडघ्याच्या वर

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि आतड्याच्या कापून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आज दुपारी येणार होता. सर्जन स्वतः फोन करणार होते. आईने सगळ्यांना अकरालाच बोलावलं. "आपापल्या घरी बसून नखं खाण्यापेक्षा इथे येऊन खा," ती म्हणाली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या त्या बाईला फोनवर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

थोरल्याने त्या दिवसाची ओपीडी रद्द केली. वडील गेल्यानंतरच्या सात वर्षांत पहिल्यांदाच. गुडघे आणि खुबे बदलणारा सर्जन म्हणून शहरात त्याचं नाव होतं. घरात मात्र त्याला नावच उरलं नव्हतं. मेडिकलला नंबर लागला त्या दिवसापासून आई त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागली, आधी कौतुकाने, मग थट्टेने, मग नुसतं सवयीने. बाकीच्यांनीही तेच उचललं. कुणाला ताप आला, कुणाच्या कानात दडे बसले, कुणाला उठल्यावर चक्कर आली, की "डॉक्टरला विचार." आणि तोही सांगायचा. कधी गाडी चालवताना, कधी दोन ऑपरेशनांच्या मधे, फोन कानाला लावायला नर्सला सांगून, हात धुता धुता. आपल्याला त्यातलं कितपत कळतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

दार बहिणीने उघडलं. ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि दार उघडतानाही उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तशी बघायची.

"ये गं वहिनी," ती त्याच्या बायकोला म्हणाली आणि बाजूला झाली. त्याला काहीच म्हणाली नाही. ऑपरेशन झाल्यापासून हे असंच चाललं होतं. हॉस्पिटलमध्येसुद्धा ती त्याच्याशी भिंतीकडे तोंड करून बोलायची. "डॉक्टरांना कुणीतरी सांगा, आईला उशी हवी आहे."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पोटावर छोटी उशी धरलेली, कारण खोकला आला की टाके ओढायचे. मांडीवर फोन, फोनखाली वही, वहीत पेन्सिल. धाकटा खिडकीची अडकलेली कडी स्क्रू-ड्रायव्हरने खोलत होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. स्वस्थ बसायची वेळ आली की त्याला काहीतरी खोलायला लागायचं.

"ही आईच्या बिल्डिंगची लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे माहीत नाही," तो थोरल्याला म्हणाला, "पण दुसऱ्या मजल्यावर खोकते ती. ऐकलंस?"

"मला कुठे ऐकू येणार."

"तुला गुडघ्यांचे आवाज तेवढे ऐकू येतात," आई म्हणाली. "बसा. फोन मी घेणार, आत्ताच सांगून ठेवते. कुणी हिसकावून घ्यायचा नाही. पोट माझं आहे."

दुखणं सापडलं त्याची गोष्ट सगळ्या नातेवाइकांत सांगून सांगून आता गुळगुळीत झाली होती. एकाहत्तराव्या वर्षी आईच्या मनात पोहायला शिकायचं आलं. गुडघे बदलून झाले होते, चालून चालून कंटाळा आला होता. तलावावर ज्येष्ठांच्या सकाळच्या बॅचला डॉक्टरची सही असलेला फॉर्म लागायचा. थोरला परगावी कॉन्फरन्सला गेला होता, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली, जिथे एक चष्मेवाली तरुण डॉक्टरीण सर्दी-खोकला, रक्तदाब, लहान मुलांच्या लसी असं सगळंच बघायची. तिने फॉर्म भरता भरता विचारलं, "काकू, आतड्याच्या कॅन्सरसाठीची तपासणी कधी केली होती?" आई म्हणाली, "माझा मुलगा डॉक्टर आहे. लागली असती तर त्याने सांगितलं नसतं का?" डॉक्टरीण म्हणाली, "कसले डॉक्टर?" "गुडघ्यांचा." त्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग गुडघ्याच्या वरचं मी बघते."

शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. दुर्बीण घातली तेव्हा आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. ती कॅन्सरची निघाली. महिन्याभरात ऑपरेशनही झालं. आता प्रश्न एवढाच होता की ती तिथल्या तिथे होती की आजूबाजूच्या लसिका ग्रंथींत पसरली होती. त्या ग्रंथींना आई 'चौक्या' म्हणायची. "चोर चौकी ओलांडून गेला की नाही, ते आज कळणार."

थोरल्याच्या बायकोने स्वयंपाकघरातून सूप आणून आईच्या हातात दिलं. आईने दोन घोट घेतले. सगळे तिच्याकडे बघत होते आणि कुणी बघत नाही असं दाखवत होते.

बहीण आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन पाकिटं होती. आरोग्य खात्याचा शिक्का असलेली, चपटी, न वापरलेली. तिने ती टीपॉयवर ठेवली, थोरल्याच्या समोर.

"काल आईचे जुने कागद शोधताना मिळाली. एक चार वर्षांपूर्वीचं आणि एक दोन वर्षांपूर्वीचं. वाच काय लिहिलंय."

वाचायची गरज नव्हती. घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायचं किट होतं ते. शहरात सुरू झालेल्या एका प्रायोगिक योजनेत साठीच्या पुढच्या सगळ्यांना पोस्टाने यायचं.

"आईने तुला विचारलं होतं," बहीण म्हणाली. आता ती भिंतीशी बोलत नव्हती. "हे करू का म्हणून. तू काय सांगितलंस माहीत आहे? 'अगं, ते सगळ्यांनाच पाठवतात.'"

थोरल्याने आठवून बघितलं. काहीच आठवेना. वार नाही, वेळ नाही, आईचा आवाज नाही. पण वाक्य त्याचं होतं. तो अगदी असंच बोलायचा.

"मला आठवत नाहीये," तो म्हणाला.

"तुला कसं आठवेल? तुझं अर्धं मिनिट गेलं त्यात. पण तिने ते पाकीट उचलून कपाटात ठेवलं ना! डॉक्टरने सांगितलं म्हटल्यावर विषय संपला!"

"एक मिनिट," आई म्हणाली. "माझ्या तोंडचं मला बोलू दे. मी ते उघडून वाचलं होतं. काडीने घ्यायचं, बाटलीत घालायचं, पोस्टात टाकायचं. मला शिसारी आली. हा 'करच' म्हणाला असता तरी मी चार दिवस टाळलं असतं. हा तसं बोलला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्यात माझाही वाटा आहे."

"तू त्याला पाठीशी घालू नकोस, आई."

"पाठीशी घालायला मला वळता येत नाही सध्या."

धाकटा हसला. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "ताई, हे जरा जास्त होतंय. दादा हाडांचा डॉक्टर आहे. मला उद्या कुणी म्हटलं, तू लिफ्टवाला ना, मग हा सरकता जिनाही बघ, तर मी काय करणार?"

"लोक म्हणतात ना तुला असं?"

"रोज म्हणतात."

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, मला त्यातलं येत नाही. जिन्यावाल्याला बोलवा."

"झालं तर," बहीण म्हणाली. "ह्याला एवढंच म्हणायचं होतं. 'मला त्यातलं येत नाही.' तीस वर्षांत हे वाक्य तू याच्या तोंडून ऐकलंयस?"

धाकट्याने स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलला. थोरल्याच्या बायकोने मध्ये पडून बघितलं. ती दातांची डॉक्टर होती आणि तिचा आवाज दुखणाऱ्या माणसांशी बोलून बोलून मऊ झाला होता. "खरं सांगायचं तर आपण सगळ्यांनीच आईंना वाटून घेतलं होतं. दर सहा महिन्यांनी मी दात बघत होते. गुडघे यांच्याकडे. बाबा हृदयाने गेले म्हणून दरवर्षी हृदयाची तपासणी. तो रिपोर्ट चांगला आला की आपण सगळ्यांना फोन करून सांगायचो, आई ठणठणीत आहेत. म्हणजे हृदय ठणठणीत होतं. मधलं कुणाकडे होतं, हे कुणी बघितलंच नाही."

बहीण खुर्चीत टेकली. तिचा जोर ओसरत होता, डोळे भरत आले होते. थोरल्याला कळलं की आता आपण 'चुकलं माझं' एवढं म्हटलं की हे प्रकरण मिटेल. ती रडेल, आई तिला जवळ घेईल, बायको चहा टाकेल. एका विसरलेल्या वाक्यापुरती माफी. त्याच्या जिभेवर ती आलीही होती.

पण त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी महिनाभर बसलं होतं.

"तेवढंच नाहीये," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. बायकोनेही. तिलाही हे माहीत नव्हतं.

"दुर्बिणीचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या ऑफिसात आईची गुडघ्याची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीची, ऑपरेशनच्या आधीची. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक. शरीरातलं लोह एकदम तळाला. मला ते तेव्हाच दिसलं होतं. त्या कागदावर माझी सही आहे."

"मग?" बहीण म्हणाली.

"ऑपरेशनला मला बारा हवं होतं. मी लोहाची सलाईन लावली, महिनाभराने बारा झालं, ऑपरेशन केलं. गुडघे छान झाले." तो थांबला. "या वयात बाईचं लोह कमी झालं तर रक्त कुठून जातंय ते शोधायचं असतं. पोट तपासायला पाठवायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी हे शिकलो होतो. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कमी आहे ते का कमी आहे, हे मी विचारलंच नाही. मला भरून काढायचं होतं, मी भरून काढलं."

खालून कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज आला आणि बंद झाला.

"म्हणजे तेव्हाच सापडलं असतं?" आईने विचारलं. आवाज अगदी एक्स्चेंजमधला, नंबर विचारावा तसा.

"कदाचित. कदाचित तेव्हा नुसता छोटा कोंब असता, पॉलिप म्हणतात तो, दुर्बिणीतूनच काढता आला असता, पोट उघडायची वेळच आली नसती. कदाचित काहीच दिसलं नसतं. मला खरंच माहीत नाही, आई."

"तुझ्या हाताखाली बाकीचे डॉक्टर होते ना? भूल देणारे, तपासून 'फिट' म्हणणारे?"

"होते. प्रत्येकाने आपापलं बघितलं. पण आई माझी होती."

इतका वेळ बहीण ज्याच्यावर तुटून पडली होती, त्याने स्वतःच तिच्यापेक्षा मोठा घाव घातला होता. आणि आश्चर्य म्हणजे आता भडकला तो धाकटा.

"आमच्याकडे ना, दादा," तो म्हणाला आणि उठून उभाच राहिला, "प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक कार्ड असतं. दर महिन्याला तपासायचं आणि सही करायची. लिफ्ट चालू असतानाच तपासायची असते. बंद पडल्यावर जे करतात त्याला तपासणी म्हणत नाहीत, सुटका म्हणतात. आणि काही झालं की साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, कार्ड कोणाकडे होतं?" त्याचा आवाज चिरकला. "आईचं कार्ड कोणाकडे होतं? मला सांगा ना कुणीतरी! मला वाटायचं तुझ्याकडे आहे. म्हणून मी कधी विचारलंच नाही. मी येतो, खातो, कड्या दुरुस्त करतो आणि जातो."

"ओरडू नकोस त्याच्यावर," बहीण म्हणाली. सगळे चमकले. ती स्वतःही चमकली असावी. "मी रोज संध्याकाळी फोन करते. दोन वर्षं रोज. आणि रोज काय विचारते? 'गुडघा कसा आहे?' ती म्हणायची, गुडघा मस्त आहे, जरा दम लागतो एवढंच. मी म्हणायचे, वय झालं आता. माझ्याकडे नव्हतं कार्ड असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

आईने सूपचा वाडगा बाजूला ठेवला. "झालं सगळ्यांचं? मी अजून जिवंत आहे, कार्ड माझ्याकडेच होतं. मला वाचता येतं, लिहिता येतं. दम लागायचा हे मला कळत होतं. मीच म्हणत होते, डॉक्टरच्या आईला काय होतंय!" मग ती थोरल्याकडे वळली. "पण तू हे आज का सांगितलंस? फोन यायच्या आधी?"

तो म्हणाला, "रिपोर्ट चांगला आल्यावर हे सांगणं फार सोपं झालं असतं. सगळ्यांनी हसून सोडून दिलं असतं. आणि वाईट आल्यावर माझी जीभच उचलली नसती."

"इकडे ये," आई म्हणाली. "जवळ ये, मला वाकता येत नाही."

तो उठून तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. बावन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसता ठेवला, फिरवला नाही. "चुकलास," ती म्हणाली. "चुकला नाहीस असं सांगून मी ते लपवणार नाही. तुझ्या वडिलांनी तुझी समजूत काढली असती. मी नाही काढत. पण बाळा, तू माझ्याशी खोटं बोलला नाहीस. आता ऊठ, तुझे गुडघे दुखतील."

त्यावर बहीण फिसकन हसली आणि त्याच हसण्यात रडायलाही लागली. थोरल्याच्या बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण डोळे नवऱ्यावर होते, आणि त्यात राग कमी आणि वाईट वाटणं जास्त होतं. महिनाभर हा एकटाच हे पोटात घेऊन फिरत होता तर.

फोन वाजला तेव्हा दोनला वीस मिनिटं कमी होती.

हजारो लोकांना थोरल्याने रिपोर्ट सांगितले होते. फोनच्या या बाजूला किती हवा लागते हे त्याला पहिल्यांदा कळलं. आईने दोन रिंग जाऊ दिल्या, पेन्सिल हातात घेतली आणि मगच फोन उचलला.

"बोला, मीच बोलतेय. हो, मीच ऐकणार आहे. सांगा." ती लिहू लागली. ऐकलेला प्रत्येक शब्द परत म्हणून पक्का करायची तिची जुनी सवय होती. "अठरा. अठरा काढल्या. हो. अठरापैकी... शून्य? परत सांगा. शून्य. म्हणजे अठराच्या अठरा स्वच्छ, बरोबर? दोन्ही कडा स्वच्छ. गाठ भिंतीतच होती, भिंतीबाहेर नाही. पुढची औषधं... नको. केमोची गरज नाही. फक्त तपासणीला येत राहायचं, वर्षाने परत दुर्बीण. सगळं बरोबर लिहिलंय मी? उपकार झाले तुमचे."

तिने फोन ठेवला. वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: १८ पैकी ०.

"चोर चौकीपर्यंत पोचलाच नव्हता," ती म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण प्रत्येकाचा वेगळ्या तऱ्हेने. धाकटा स्वयंपाकघरात गेला आणि नळ पूर्ण सोडून उभा राहिला, म्हणजे बाकी काही ऐकू येऊ नये. थोरल्याच्या बायकोने ती वही आईच्या हातातून घेतली, पुन्हा वाचली, उलटून मागेही काही लिहिलंय का बघितलं. बहीण टीपॉय ओलांडून थोरल्याजवळ आली, त्याच्या दंडावर एक जोरदार चापट मारली, शाळेत मारायची बंदी झाल्यापासून तिने कुणाला मारली नव्हती अशी, आणि मग तोच दंड धरून त्याच्यावर डोकं टेकवलं. "दादा," ती म्हणाली. पुढे काही नाही.

आई एकटी शांत बसली होती. "मला टोस्ट हवाय," ती म्हणाली. "लोणी लावून. आता मला कुणी अडवायचं नाही."

कोपऱ्यावरची डॉक्टरीण अडीचला आली, दवाखाना दुपारचा बंद करून, टाक्यांची जागा बघायला. बातमी दारातच कळली आणि तिने चपलाही न काढता आईला मिठी मारली, मग लाजून चपला काढायला परत गेली. तिचं तपासून होईपर्यंत सगळे बाहेरच्या खोलीत बसले. ती बाहेर आली तेव्हा थोरला उठून उभा राहिला.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," तो म्हणाला आणि त्याने तिला ती दहा पूर्णांक एकची गोष्ट सांगितली. सगळ्यांच्या देखत, एकही शब्द न गाळता. "तुमच्याकडे असा कागद आला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. "सर, कॉलेजात तुमची दोन लेक्चर्स ऐकली आहेत मी, त्यामुळे हे बोलायला जरा जड जातंय. पण मी पोट तपासायला पाठवलं असतं. ते पाठवायलाच हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

"पण माझंही ऐका. काकू गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे चारदा आल्या होत्या. दोनदा खोकला, एकदा कानासाठी, एकदा पायाला काच लागली होती म्हणून. मी एकदाही ही तपासणी विचारली नाही. त्यांचा मुलगा डॉक्टर आहे, त्यांनी बघितलंच असेल, असं मी धरून चालले. यावेळी विचारलं, कारण त्या पोहण्याच्या फॉर्मवर तशी ओळ छापलेली होती." ती ओशाळून हसली. "मला सगळे फार हुशार म्हणतायत. हुशार तो फॉर्म होता."

"घरात डॉक्टर असला की असं होतं तर," बहीण म्हणाली.

"घरातला डॉक्टर हा घरातला असतो, ताई. त्याला तुमच्याकडून शौचाचा नमुना मागायला लाज वाटते आणि तुम्हाला द्यायला. मला वाटत नाही. माझं ते कामच आहे. गुडघा बदलणं मला सात जन्मात जमणार नाही, पण कुणाची कुठली तपासणी कधीची राहिली आहे याची यादी ठेवणं जमतं." मग तिने पिशवीतून कागद काढले. "आता तुमचं तिघांचं. आईला झालाय म्हणजे चाळिशीनंतर तुम्हा सगळ्या मुलांना दुर्बीण करून घ्यायला हवी. वयं सांगा."

"बावन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस," आई आतून ओरडली.

"आणि यापैकी आत्तापर्यंत कुणी काही केलंय?"

तिने थोरल्याकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला. "नाही," तो म्हणाला.

"दादा!" बहीण ओरडली.

"माझी शाळा आहे पुढच्या महिन्यात," लगेच तिनेच सूर बदलला, "परीक्षा आहेत, नंतर बघू..."

"आधी परीक्षा तुझीच आहे, ताई," धाकटा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते आणि तो हसत होता. "लिहा हो डॉक्टर, तिघांची एकाच दिवशी लिहा. एकेकटं सोडलंत तर एकही येणार नाही."

तिने लिहिलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी सात वाजता, तिघं भावंडं हॉस्पिटलच्या त्या छोट्या वेटिंग रूममध्ये ओळीने बसली होती. आदल्या दिवसापासून पोटात पाणी आणि औषधाशिवाय काही नव्हतं. रात्रभर कोण किती वेळा उठलं याचा हिशेब धाकटा मोठ्याने सांगत होता आणि बहीण त्याला दटावत होती. थोरल्याच्या हातात भरायचा फॉर्म होता. नाव, वय, ॲलर्जी, घरात कुणाला काय. सगळं त्याने एका दमात भरलं आणि एका ओळीपाशी अडला. 'आपले नेहमीचे डॉक्टर.' इतकी वर्षं विम्याच्या, नोकरीच्या, प्रवासाच्या कुठल्याही कागदावर ही ओळ आली की तो स्वतःचंच नाव टाकून मोकळा व्हायचा. आज त्याने कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा पत्ता लिहिला आणि खाली तिचं नाव.

सगळ्यात आधी त्याला आत घेतलं. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर छत होतं आणि कुणीतरी त्याला नावाने हाक मारत होतं, त्याच्या खऱ्या नावाने. दोन छोटे कोंब सापडले होते, दोन्ही तिथल्या तिथे काढून टाकले होते. काळजीचं काही दिसत नव्हतं, तीन वर्षांनी परत यायचं. बहीण आणि धाकटा दोघंही साफ निघाले. बहिणीने आईला फोन लावून तिघांचे निकाल वाचून दाखवले, आणि पलीकडून आईने एकेक परत म्हणून पक्का केला.

भूल घेतलेल्याने गाडी चालवायची नाही म्हणून थोरल्याची बायको आली होती. बहीण पुढे बसली, दोघे भाऊ मागे. धाकटा बिस्किटांचा पुडा फोडून खात होता आणि बोलत होता, लिफ्टचंच काहीतरी. थोरला ऐकत होता. मग ऐकता ऐकता त्याला आठवलं की आज कुणाचाही फोन घ्यायचा नाहीये, कुणालाही काही सांगायचं नाहीये. त्याने डोकं काचेला टेकवलं.

"झोपला," धाकटा पुटपुटला.

बहिणीने मागे वळून बघितलं, आणि मग वहिनीला म्हणाली, "जरा लांबच्या रस्त्याने घे."